विमानतळावरची बंदूकवाली

विमानात साधी कात्री जवळ ठेवू देत नाहीत आणि बंदूक मात्र नेता येते, हे ऐकलं की डिचोलीच्या लग्नकार्यांत जेवायला बसलेली माणसं सोलकढीचा पेला तसाच हातात धरून गौरवीकडे बघत राहतात. गौरवी माहेरची गावस, इब्रामपूरची. लग्नानंतर शेट्ये झाली आणि डिचोलीला आली. गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात ती काम करते. तिच्या पदाचं कागदावरचं नाव चांगलं वीतभर लांब आहे, पण तिथे तिला सगळे बंदूकवालीच म्हणतात. नवऱ्याला, दत्तप्रसादला, हे नाव अजिबात आवडत नाही. तिला आवडतं, आणि ते ती लपवतही नाही.

बंदूक नेता येते म्हणजे खांद्याला लावून मिरवता येते असं नव्हे. माणसाने भरपूर आधी यायचं. परवाना दाखवायचा. बंदूक कुलूपबंद पेटीत हवी, काडतुसं असलीच तर निराळी. मग बाजूच्या खोलीत पेटी उघडायची, बंदुकीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघायचा, ती रिकामी आहे असं प्रवाशाने लिहून द्यायचं आणि कंपनीच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून खाली सही ठोकायची. पुढे ती पेटी इतर बॅगांच्या गर्दीत सरकत्या पट्ट्यावर जात नाही. गौरवी ती हातात घेते, विमानापर्यंत चालत जाते आणि विमानाच्या पोटात स्वतःच्या देखत ठेवून येते.

हे काम तिच्याकडे आलं त्याचीही एक गंमत आहे. विमानतळ नवा होता तेव्हाची गोष्ट. तिचा वरिष्ठ अविनाश पाटील गडहिंग्लजचा. अंगाने दणकट आणि आवाजाने त्याहून दणकट. पहिली बंदूक आली ती एका हॉटेलवाल्याची. पेटीचं झाकण उघडलं, आत दुनळी बंदूक दिसली, आणि हा पैलवान गडी दोन पावलं मागे सरला. "मोडून दाखवा," तो लांबूनच म्हणाला. हॉटेलवाल्याला स्वतःचीच बंदूक मोडता, म्हणजे सांध्यातून उघडता, येईना. कधी हा खटका दाबतोय, कधी तो. शेवटी मागे उभी असलेली गौरवी पुढे झाली. तिने खटका दाबला, नळी खाली झुकवली, आत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "रिकामी आहे. पण हिला वर्षभर तेल मिळालेलं नाही." हॉटेलवाला ओशाळला. त्या दिवसापासून बंदुकीची पेटी आली की अविनाश आधी गौरवीला हाक मारतो.

हे तिला कुणी शाळेत शिकवलेलं नव्हतं. तिचे वडील अनंत गावस यांच्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी होती. इब्रामपुरात भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची, आणि बाबा बांधावर उभे राहून हवेत एक बार काढायचे. थोरला भाऊ गौरेश त्या आवाजाला घाबरून कानांत बोटं घालून घरात बसायचा. गौरवी बॅटरी धरून बाबांच्या शेजारी उभी असायची. बार झाला की बंदूक मोडून काडतुसाची गरम पुंगळी बाहेर काढायचं काम तिचं, आणि सकाळी गजाला चिंधी बांधून नळी पुसायचं कामही तिचंच. निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका पेडण्याच्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. बाबा स्कूटर चालवायचे आणि मागे गौरवी गोणपाटात गुंडाळलेली एकनळी मांडीवर आडवी घेऊन बसायची. निवडणूक संपून ती परत घरी आली की पाहुणी आल्यासारखं गौरवीला वाटायचं.

एकदाच, चौदाव्या वर्षी, बाबांनी तिला चाप ओढू दिला होता. खांद्यावर आठ दिवस निळा डाग होता आणि आईने, सुमंगलाने, बाबांशी चार दिवस अबोला धरला होता.

गौरवीचा एक स्वभाव अविनाशला डोकेदुखी वाटतो. नियमाने विचारायचे प्रश्न पाच-सहा. ते संपले की हिचे सुरू. ही तुम्हाला कुणाकडून मिळाली? शेवटचा बार कधी काढला? घरात कुठे ठेवता? फॉर्मवर यातलं काही नाही. पण तिला राहवत नाही, आणि माणसं सांगतातही. एका निवृत्त कर्नलने चाळीस वर्षांत आपल्या बंदुकीतून एकही गोळी झाडली नव्हती, तरी दर रविवारी तो बंदूक पुसत असे. त्या वेळी बायको खोलीत येत नाही, म्हणाला. नेमबाजीच्या स्पर्धेला निघालेल्या एका मुलीने आपल्या रायफलीचं नाव ठेवलं होतं, ते मात्र सांगायला ती लाजली. "अगं, गिऱ्हाईक हाय का पाहुणा?" अविनाश ओरडतो. "ईमान सुटंल त्याचं!" गौरवी हसते आणि पुढच्या पेटीच्या वेळी पुन्हा तेच करते. पेटी उघडली की माणूस कळतो, असं तिचं ठाम मत आहे.

आता तिच्या मनातली गोष्ट. तिला ती एकनळी हवी होती. माणसाची सत्तरी ओलांडली की त्याला आपलं हत्यार वारसाच्या नावावर करता येतं, हे तिला नोकरीमुळे पक्कं ठाऊक होतं, आणि बाबांना सत्तरावं सरून दोन वर्षं होऊन गेली होती. दत्तप्रसादजवळ ती एकदा बोलली तेव्हा त्याने "घरात ठेवतलंस खंय?" एवढंच विचारलं होतं. बाबांजवळ तिने विषय काढला नाही. कधी ना कधी तेच आपणहून म्हणतील, बाय, ही तुका, अशी तिची समजूत. जगाला प्रश्न विचारणारी ही बाई माहेरच्या ओसरीवर मात्र चहा पिऊन, बंदुकीला तेल घालून, गप्प घरी यायची.

भाताची मळणी आटोपल्यावरची ती सकाळ. गौरवीने साक्षी नावाच्या मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली होती, म्हणून ती सकाळी कामावर होती. हैदराबादच्या रांगेत तिला एक माणूस दिसला. लग्नाला घालायचा पांढरा शर्ट, नवीन चपला, आणि ढकलगाडीवर फणसाच्या लाकडाची लांबट पेटी. पितळेचं कुलूप. बाबा! त्यांनीही तिला पाहिलं. पाहिलं आणि पाठ फिरवून ते विमानांच्या वेळांचा फलक वाचू लागले. चष्म्याशिवाय बाबांना तो फलक वाचता येणं शक्य नव्हतं.

"बाबा?"

"तुजी सांजेची ड्युटी न्हय?" बाबा म्हणाले. आपल्या मुलीला भेटल्यावर बापाने हा पहिला प्रश्न विचारावा, यातच सगळं आलं.

"बदलून घेतली. तू खंय चल्लंस?"

"हैदराबादेक. गौरेशागेर."

"आणि पेटी?"

बाबांनी पेटीकडे पाहिलं, जणू ती तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं. "ती पण," ते म्हणाले.

मग तुकड्या-तुकड्याने सगळं बाहेर आलं. गौरेश हैदराबादला औषधाच्या कंपनीत. बाबांनीच त्याला कागद पाठवून वारसाचा परवाना काढायला लावला होता. वर्षभराने तो मंजूर झाला. आता बंदूक तिथल्या कार्यालयात नेऊन दाखवायची आणि त्याच्या नावावर चढवायची. बंदूक घेऊन प्रवास करायची परवानगी बाबांच्या खिशात होती आणि तिची मुदत आजच संपत होती. आईला सगळं ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात आई फोनवर अर्धा तास लोणच्याबद्दल बोलली होती. गौरवीला इतका राग आला की तिचे कान तापले, आणि रागाच्या मागोमाग रडू आलं ते तिने कसंबसं गिळलं. पण कामावर होती. ती सरळ अविनाशकडे गेली.

"सर, प्रवासी माझे वडील आहेत. सही तुम्ही करा."

"सही करतो की," अविनाश म्हणाला. "पन मोडून बघायला तूच ये. मला ते जमत न्हाई."

खोलीत अविनाशने फॉर्म वाचला. नाव, गाव, परवाना क्रमांक. काडतुसं? नाहीत. बंदूक रिकामी आहे? "व्हय, रिकामीच," बाबा म्हणाले आणि त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात सही केली. पेटी उघडली. एकनळी सोडवून तीन भागांत ठेवलेली होती, जुन्या लुगड्याच्या घड्यांत. गौरवीने नळी उचलली, एक टोक डोळ्याला लावलं आणि दुसरं ट्यूबलाइटकडे धरलं. रिकाम्या नळीतून उजेडाचं गोल कडं दिसतं. तिला काळोख दिसला.

तिने पुन्हा पाहिलं. काळोखच.

"काय गं?" अविनाशचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"आत काहीतरी आहे."

अविनाशने फॉर्म उचलला आणि खाली ठेवला. "काका, रिकामी म्हणून आत्ता सही केलीसा तुमी."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "माका म्हायत नाय! देवाशपथ माका म्हायत नाय. काल राती मीच पेटयेत घातली, तेव्हा रिकामी होती."

गौरवीने नळीच्या तोंडाशी बोट घातलं. काहीतरी मऊ लागलं. चिमटीने ओढलं तर लाल खणाची चिंधी बाहेर आली आणि तिच्यामागोमाग स्टीलच्या टेबलावर सळसळ करत तांदूळ सांडले. हळद-कुंकू लावलेले तांदूळ. शेवटी टण्ण करून एक सुपारी पडली आणि घरंगळत अविनाशच्या बुटाजवळ जाऊन थांबली.

तिघेही त्या सुपारीकडे बघत राहिले.

"तुज्या आवशीन," बाबा हळूच म्हणाले.

आता हे गडहिंग्लजच्या माणसाला समजावायचं कसं? गौरवी बोलू लागली. आमच्या घरातून कुठलीही वस्तू रिकामी बाहेर जात नाही, सर. शेजारणीची वाटी परत द्यायची तर तिच्यात चिमूटभर साखर तरी घालायची. आणि घरातलं कुणी कायमचं दुसऱ्या घरी चाललं तर त्याची ओटी भरायची. मी लग्न होऊन निघाले तेव्हा आईने माझ्या पदरात हेच घातलं होतं, तांदूळ आणि सुपारी. बंदुकीला पदर नाही, म्हणून तिने नळीत घातलं. आईने एकनळीची पाठवणी केली होती. आईच्या मनाने ती परत येणार नव्हती.

अविनाशने वाकून सुपारी उचलली आणि टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "आमच्यात पन शेजारचं डबं मोकळं परत देत न्हाईत. पन डबं ईमानात चढत न्हाईत, काका." त्याने नियमाप्रमाणे फोन करून पोलिसांना बोलावलं. हवालदार आला, त्याने चार दाणे तळहातावर घेऊन पाहिले, वहीत "नळीत तांदूळ, सुपारी एक" असं लिहून घेतलं आणि जाताना म्हणाला, "वहिनींक सांगा, फुडल्या खेपेक पेटयेत घालूक." सामान घ्यायची वेळ संपायला आता बारा मिनिटं उरली होती.

नळी स्वच्छ करून दाखवल्याशिवाय पेटी पुढे जाणार नव्हती, आणि पेटीतला गज गौरवीच्या हातात होता. सावकाश पुसलं असतं तरी तिला कुणी काही म्हणालं नसतं. बारा मिनिटं काय, पंधरा लागली असती. विमान सुटलं असतं, परवानगी संपली असती आणि एकनळी संध्याकाळी इब्रामपुरात परत गेली असती. हा विचार तिच्या मनात एकदा नाही, दोनदा येऊन गेला. पण पुसायला लागल्यावर तिचे हात सवयीनेच चालले. चिंधी तीनदा आरपार गेली आणि नळी पुन्हा उजेडाकडे धरली तेव्हा कडं लख्ख दिसलं. चार मिनिटंही लागली नाहीत. अविनाशने ते पाहून नव्या फॉर्मवर सही केली आणि तो त्याची प्रत काढायला बाहेर गेला.

खोलीत बापलेक दोघेच. बाबा टेबलावरचे तांदूळ एकेक करून रुमालात गोळा करत होते. गौरवीने पेटीला कुलूप घातलं, चावी त्यांच्यापुढे ठेवली, आणि इतकी वर्षं न विचारलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, ही माका कित्याक न्हय?"

बाबांचे हात थांबले. "तू मागलंस नाय."

"गौरेशान मागली?"

"नाय. त्येणा पण मागूक नाय."

"मगे?"

"बापाशीची बंदूक झिलाकडे जाता," बाबा म्हणाले. "माज्या बापाशीची माका आयली." आणखी काही ते बोलले असते की नाही कोण जाणे, पण अविनाश प्रत घेऊन आत आला आणि "चला काका, उशीर झाला" म्हणून त्यांना तपासणीकडे घेऊन गेला.

गौरवी पेटी घेऊन निघाली. विमानाजवळ उभ्या असलेल्या हमालाने नेहमीप्रमाणे हात पुढे केला आणि तिने नेहमीप्रमाणे मान हलवली. स्वतः वर चढून पेटी आडवी, भिंतीला लागून ठेवली, हलत नाही ना ते बघितलं. मग खाली उतरली. आजवर तिने कितीतरी बंदुका अशा पोचवल्या होत्या आणि प्रत्येक वेळी जिना उतरताना तिला हलकं वाटलं होतं. आज वाटलं नाही. आज तिला घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं, आणि संध्याकाळी आईला फोन करून चांगलं फैलावर घ्यायचं असंही तिने ठरवलं होतं.

ती आत पोचते न पोचते तोच हातातला वॉकी-टॉकी खरखरला. हैदराबादचा एक प्रवासी चढत नाहीय. माईकवरून नाव पुकारलं गेलं: अनंत गावस. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग अविनाशचा आवाज आला, "गौरवी, तुजा बा गेटावर खुर्चीत बसलाय. जात न्हाई म्हनतोय. काय बोलाय तयार न्हाई."

विमानाचा एक नियम अगदी पक्का आहे. प्रवासी चढला नाही तर त्याचं सामानही जात नाही. बंदूक तर नाहीच नाही. बंद झालेलं पोट पुन्हा उघडावं लागलं. गौरवी पुन्हा वर चढली, पेटी काढून खाली उतरली. विमान बावीस मिनिटं उशिरा सुटलं आणि खिडक्यांतून दीड-दोनशे माणसं तिच्याकडे रागाने बघत होती.

"लेखी खुलासा द्यावा लागंल तुला," अविनाश म्हणाला. तो चिडला होता आणि ते साहजिकच होतं. "ड्यूटीवर पॅसेंजरशी काय बोललीस, शब्दन् शब्द."

"देते, सर." नोकरीत पहिल्यांदाच तिच्यावर ही पाळी येत होती. तिला भीतीही वाटली. पण बाबांना विचारल्याचा पस्तावा काही केल्या येईना.

त्याच खोलीत तिने पेटी बाबांपुढे ठेवली. परत मिळाल्याच्या पावतीवर त्यांनी सही केली. मग कुलपाशी चाळा करत बसले.

"कित्याक गेलंस नाय?" गौरवीने विचारलं.

"थंय काचेतसून सगळां दिसता," बाबा म्हणाले. "तू पेटी घेवन चल्लंस ती मी बघी होतंय. त्या माणसान हात फुडे केल्यान, तरी तू दिलंस नाय."

"तो नियम आसा, बाबा."

"आसतलो. पण गौरेशान ती खाटीखाली ढकलून दिली आसती." त्यांनी डोळे पुसले, लपवण्याचा प्रयत्नही न करता. "आता त्येका फोन करून सांगूक होया. रागावतलो मा?"

"तो? तो देव पावलो म्हणतलो."

बाबांना हसू आलं, तिलाही आलं. मग ते घसा खाकरून, एखाद्या कचेरीत आल्यासारखे नीट बसले.

"तुज्या नावार करूची तर काय करूचा पडता? फॉर्म खंय मेळता? पेडण्याक, का पणजेक जावचा पडता?"

"माज्याकडे आसा."

"तुज्याकडे?"

गौरवी उठली. कोपऱ्यातल्या आपल्या कपाटातून तिने एक प्लॅस्टिकची फाईल काढली आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवली. बाबांनी चष्मा लावला. अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, हत्याराचा नंबर, सगळं तिच्या अक्षरात, आणि शाई जुनी झालेली.

"ह्या कधी भरलंस?"

"दोन वर्सां झाली," गौरवी म्हणाली. "तुजी सही तेवढी रवली."